तीळ भिजेना

"हिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही" हे वाक्य आमच्या घरात माझ्याबद्दल इतक्या वेळा म्हटलं गेलंय की ते माझं दुसरं नावच म्हणायचं. कुणाचं लग्न ठरतंय, कुणी नोकरी सोडतंय, कुणाचं कुणाशी बिनसलंय, सगळं मला आधी कळायचं आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडून सगळ्यांना. ताई तर काही सांगायच्या आधी मला शपथ घालायची, आणि शपथ घालूनही सांगायची नाही.

चव्वेचाळिसाव्या वर्षी हे शब्दशः खरं झालं. एका दुपारी घरात कुणी नसताना मी खरोखरच एक तीळ जिभेवर ठेवला, तोंड मिटलं आणि घड्याळाकडे बघत बसले. पाच मिनिटांनी काढला तर गेला तसाच परत आला. कोरडा, टणक. काढताना जिभेला जरासा चिकटला, एवढंच. मला हसू आलं आणि हसताना खालचा ओठ मधोमध फुटला.

गंमत अशी की जन्मभर एकही गोष्ट पोटात न राहिलेल्या बाईने ही एक गोष्ट दीड वर्ष कुणाला नीट सांगितली नव्हती.

काय होत होतं ते सांगते. सकाळी जाग आली की जीभ टाळूला चिकटलेली असायची. ती सोडवावी लागायची. आधी टोक, मग कडा, आणि शेवटी मागचा भाग 'टच्' असा आवाज करून सुटायचा. गाल दाढांना चिकटलेले, ओठांच्या कोपऱ्यांत वाळलेला पांढरा फेस. बोलताना प्रत्येक शब्दामागे एक बारीक टकटक यायची. फोनवरचा माणूस म्हणाला, "लाइनमध्ये काहीतरी आवाज येतोय," आणि मी म्हटलं, "हो ना." बिस्किट तोंडात टाकलं की त्याची रेती व्हायची आणि ती नुसती इकडून तिकडे फिरत राहायची. घासागणिक पाण्याचा घोट.

हिरड्या याच्या मागून आल्या. खालच्या पुढच्या दातांच्या फटींत हिरडीचे छोटे त्रिकोण असतात ना, ते फुगून गोल झाले. लालभडक, तुकतुकीत, कातडं ताणून बसवल्यासारखे. ठणका नव्हता. ठणका असता तर मी दुसऱ्या दिवशी दाखवायला गेले असते. सोललेल्या जागी वारा लागावा तशी चुरचुर मात्र दिवसभर. टूथपेस्टमधला पुदिना मिरचीसारखा झोंबायचा आणि थुंकीत रक्ताचा धागा दिसायचा. मग मी काय केलं, तर तिथे ब्रश लावणंच सोडलं. दुखऱ्या जागेला हात लावू नये, ही आपली साधी समजूत.

मला तेव्हा संधिवात होऊन अकरा वर्षं झाली होती. रूमॅटॉइड, म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो. असा जुना आजार घरात मोठ्या भावासारखा वागतो. सगळं लक्ष त्यालाच. दर तीन महिन्यांनी तपासणीला जाताना मी कागदावर तक्रारी लिहून न्यायचे. वर बोटं, मनगटं, मग गुडघे, मग यकृताच्या चाचण्या, मग झोप. तोंडाची ओळ सर्वांत खाली. दहा मिनिटांत आम्ही कधीच त्या ओळीपर्यंत पोचलो नाही. एकदा पोचलो तेव्हा समोरच्या डॉक्टरांनी संगणकावरून मान न उचलता सांगितलं, "पाणी पीत जा भरपूर." मी बाटली उचलून दाखवली. त्यांनी ती पाहिली नाही. पण खरं सांगायचं तर दोष त्यांचा एकट्याचा नाही. मलाच लाज वाटत होती. ज्या आजारात माणसांचे हात वाकडे होतात, त्यात 'तोंड कोरडं पडतं हो' काय म्हणायचं?

शेवटी दातच तुटला. तोही केळं खाताना! काही कडक चावताना तुटला असता तर निदान सांगायला बरं होतं. खालचा सुळा हिरडीपाशी, बरोबर गळ्याशी, खचकन मोडला. दुखलं नाहीच.

दातांच्या डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी तोंडात तो छोटा आरसा घातला, गालाच्या आतून टेकवला, आणि बाहेर काढताना गाल आरशाबरोबर ओढला गेला. त्यांनी पुन्हा टेकवला. पुन्हा चिकटला. त्यांच्या मदतनीस मुलीने सवयीने लाळ ओढायची नळी ओठाच्या कोपऱ्यात अडकवली होती. ती नळी एरवी गुरगुरते. त्या दिवशी नुसती शिट्टी वाजवत राहिली. ओढायला काही नव्हतंच. डॉक्टरांनी हात करून नळी बंद करायला सांगितली.

"किती दिवस झाले?"

"काल तुटला."

"दाताचं नाही हो विचारत. तोंडाचं."

मी दीड वर्ष म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणि हे तुम्ही संधिवाताच्या डॉक्टरांना सांगितलं नाहीत?" मला शाळेत गृहपाठ न केल्यासारखं वाटलं.

लाळेबद्दल आपली भाषा फारच वाईट बोलते. लाळघोट्या, लाळ गाळणारा, थुंकी झेलणारा. एकही शब्द बरा नाही. कौतुक करायचं झालं की आपण तिला 'पाणी' म्हणतो. तोंडाला पाणी सुटलं. आणि घाबरलो की तोंडचं पाणी पळालं. हे दुसरं मात्र अचूक निरीक्षण आहे. भीतीने लाळ खरोखरच कमी होते आणि जी उरते ती घट्ट, चिकट होते. भाषणाला उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारा.

ही दुर्लक्षित वस्तू निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर तयार होते. कानांपुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा ग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या, शिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी. तिच्यात ९९ टक्के पाणीच असतं, पण सगळी करामत उरलेल्या एका टक्क्याची. म्युसिन नावाची बुळबुळीत प्रथिनं दात आणि हिरड्यांवर पातळ पापुद्रा धरतात, म्हणून गाल दातांवरून घसरतो, घासत नाही. बायकार्बोनेट आम्ल मारतं. कॅल्शियम आणि फॉस्फेट दातांची रोजची झीज भरून काढतात. लायसोझाइम आणि काही प्रतिपिंडं जंतूंना आवर घालतात. चवसुद्धा तिच्याच जिवावर. पदार्थ लाळेत विरघळला तरच जिभेला कळतो. मला वर्षभर सगळं पुठ्ठ्यासारखं लागत होतं आणि मी स्वयंपाकाला नावं ठेवत होते.

तोंडातलं आम्ल वाढून पीएच (आम्लतेचं माप, आम्ल जास्त तितका आकडा कमी) साधारण ५.५ च्या खाली गेला की दातावरचं एनॅमल विरघळायला लागतं. खाल्ल्यावर प्रत्येकाच्या तोंडात हे होतंच, पण लाळ थोड्या वेळात गाडी रुळावर आणते. लाळ नसेल तर आम्ल तिथेच बसून राहतं. हिरडी मागे सरकून मुळाचा भाग उघडा पडला असेल तर तो आणखी लवकर विरघळतो. म्हणून केळं.

पुढे मला लाळ मोजायला पाठवलं. एका खोलीत बसवून हातात रेघा मारलेला प्लास्टिकचा कप दिला. १५ मिनिटं काही चघळायचं नाही, गिळायचं नाही, बोलायचं नाही. तोंडात जे जमेल ते दर मिनिटाला कपात थुंकायचं. लहानपणापासून 'इथे थुंकू नये' वाचत वाढलेल्या बाईला कुणीतरी खुर्ची देऊन थुंकायला बसवावं! मी मान खाली घालून वाट बघत होते. शेजारी एक बाई होत्या, त्याही तशाच. आम्ही दोघी आपापल्या कपात डोकावत होतो, आणि एकमेकींच्याही. १५ मिनिटांत दीड मिलिलिटर किंवा त्याहून कमी म्हणजे लाळ खरोखरच कमी. माझ्या कपात तळाशी फेसाचं एक वर्तुळ होतं, पहिल्या रेघेलाही टेकलेलं नव्हतं.

तोंड कोरडं 'वाटणं' आणि लाळ 'कमी असणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिथेच कळलं. कुणाला लाळ पुरेशी असूनही कोरडं वाटतं, कुणाची लाळ निम्म्यावर येईपर्यंत पत्ता लागत नाही. मग रक्ततपासणी झाली, डोळ्यांच्या कडेला कागदाची पट्टी लावून अश्रू मोजले (तेही कमीच), आणि खालच्या ओठाच्या आतून दाण्याएवढ्या काही ग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. निदान झालं, शोग्रेन. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रवैद्याने १९३३ साली आपल्या प्रबंधात याचं सविस्तर वर्णन केलं. कोरड्या डोळ्यांच्या बायका त्यांनी तपासल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच जणींना संधिवात होता. हा आजार बायकांतच जास्त दिसतो. सांध्यांवर उलटलेल्या माझ्या फौजेने अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवरही चाल केली होती.

पण शोग्रेन नसतानाही हे हाल होतात, आणि तशी माणसं कितीतरी जास्त आहेत. तोंड कोरडं करणाऱ्या औषधांची यादी शेकड्यांत जाते. ॲलर्जीच्या गोळ्या, काही नैराश्याच्या, लघवी जास्त व्हावी म्हणून दिलेल्या, लघवी आवरावी म्हणून दिलेल्या, मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं. मधुमेह, पार्किन्सन्स, डोक्यामानेच्या कॅन्सरवरचं रेडिएशन. डायलिसिसवरच्या माणसाला तर पाणी मोजून मिळतं. त्याला 'पाणी पीत जा भरपूर' कोण सांगणार? नाक चोंदल्याने रात्री तोंडाने श्वास घेणारे. नळीने ऑक्सिजन घेणारे.

माझ्या पिशवीतही असा एक चोर निघाला. झोप लागावी आणि दुखणं कमी व्हावं म्हणून रात्री घेत असलेली अमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी. झोपेत लाळ तशीही जवळपास थांबते, त्यात ही गोळी. संधिवाताच्या डॉक्टरांनी ती हळूहळू कमी करत बंद केली. ते त्यांनी केलं, मी केलं नाही, हे मुद्दाम सांगते. मी यादी वाचून स्वतःच गोळ्या बंद करायला निघाले होते आणि ताईने चांगलंच झापलं.

आता हिरड्या. कोरडेपणाने हिरडी आपोआप सुजत नाही. मधे एक साखळी असते. लाळ धुऊन नेत नाही म्हणून अन्नाचा आणि जंतूंचा चिकट थर दाताच्या गळ्याशी साचतो. हिरडी त्यावर चिडते, सुजते. कोरडी असल्याने घासली जाते, आणखी चुरचुरते. दुखतं म्हणून माणूस ब्रश लावत नाही. थर वाढतो. हिरडी आणखी सुजते. मी हे चक्र दीड वर्ष इमानेइतबारे फिरवलं. त्यात माझी संधिवाताची गोळी, मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाची. तिने तोंडात फोड येतात. फॉलिक ॲसिडची गोळी सोबत असते ती अशाच त्रासांसाठी. ती मी 'व्हिटॅमिन तर आहे' म्हणून विसरत असे. मधुमेह्यांचं तर दुहेरी असतं, साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आवरू देत नाहीत. फिट्सवरचं फेनिटॉइन, रक्तदाबाच्या निफेडिपिनसारख्या काही गोळ्या, अवयव बसवल्यावर घेतात ते सायक्लोस्पोरिन, यांनी काहींची हिरडी चक्क वाढून दातावर चढते. म्हणजे 'हिरड्या सुजल्यात' या दोन शब्दांमागे किती वेगवेगळी कारणं दडलेली असतात बघा.

मी स्वतःवर केलेले प्रयोगही सांगून टाकते. पहिला, झणझणीत माउथवॉश. झोंबतंय म्हणजे काम करतंय, असा माझा हिशोब. त्यात अल्कोहोल होतं, आणि अल्कोहोल आधीच वाळलेल्या अस्तराला आणखी वाळवतं. दुसरा, लवंगेचं तेल. कापसाच्या बोळ्याने तसंच, पातळ न करता हिरडीवर दाबून धरलं. दोन मिनिटं जागा बधिर झाली, रात्रभर आग आणि सकाळी तिथे पांढरं साल. बधिर करणारं तेच द्रव्य कातडी भाजूही शकतं. तिसरा प्रयोग मला सगळ्यांत आवडायचा, आंबट गोळ्या. चघळली की कानाखाली कळ येऊन थोडी लाळ सुटायची. केवढं सुख! दिवसाला दहा-बारा. साखर आणि आम्ल दोन्ही, आणि धुवायला लाळ नाही. सुळा त्या गोळ्यांनीच खाल्ला असणार.

वडिलांचं आठवलं ते तेव्हा. शेवटचे दोन महिने ते अंथरुणावर होते, तोंड उघडं टाकून श्वास घ्यायचे. आम्ही बहिणी आळीपाळीने कापसाच्या काडीने त्यांच्या तोंडात लिंबाचा रस घातलेलं ग्लिसरीन फिरवायचो. कुणीतरी सांगितलं होतं आणि पूर्वी आजाऱ्यांच्या शुश्रूषेत ते सर्रास वापरलं जायचं. काडी जवळ नेली की वडील तोंड फिरवायचे. "हट्टी झालेत," आम्ही म्हणायचो, आणि ताई हनुवटी धरायची. ग्लिसरीन अस्तरातलं उरलंसुरलं पाणी ओढून घेतं आणि लिंबू सोललेल्या जागी झोंबतं, म्हणून ते आता नको म्हणतात. साध्या पाण्यात ओला केलेला मऊ स्पंज पुरतो, पिळून, थेंब घशात जाणार नाही असा, आणि ओठांना जरासं मलम. हे मी ताईला अजून सांगितलेलं नाही. तीळ न भिजणारं माझं तोंड, पण हे तिळाएवढं वाक्य काही बाहेर पडत नाही.

दातांच्या डॉक्टरांनी मला पहिल्यांदा शिकवली ती चूळ. "गुळण्या ना?" मी म्हटलं. "नाही, चूळ. गुळणी घशासाठी. तुमचं दुखणं पुढे आहे आणि पाणी मागे खुळखुळवून काय उपयोग?" लिटरभर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा. तोंडात घेऊन गालांनी हळूहळू दातांमधून खेळवायचं आणि थुंकायचं, गिळायचं नाही. दिवसातून चार-सहा वेळा, खाल्ल्यावर तर नक्की. पाणी रोज ताजं. मीठ सुजेला थोडा आराम देतं, सोडा आम्ल मारतो आणि चिकट कफासारखी लाळ सैल करतो. जळजळत नाही, चव खास नाही. तिसऱ्या दिवशी मला जाणवलं की मी सकाळपासून हिरडीचा विचार केलेला नाही.

मग ब्रश. अगदी मऊ केसांचा, आणि तोही कोमट पाण्यात मिनिटभर बुडवून आणखी मऊ केलेला. माझी खरी अडचण बोटांची होती. सकाळी बोटं मिटत नाहीत, ब्रशची बारीक दांडी हातात फिरते आणि जोर नको तिथे लागतो. दांडीवर जाड फोमची नळी चढवली. आता ती सायकलच्या मुठीसारखी दिसते. केस दात आणि हिरडीच्या सांध्यावर ४५ अंशांत तिरके टेकवायचे आणि जागच्या जागी हलवायचे, रेटायचं नाही. पहिले चार-पाच दिवस रक्त आलंच. "येऊ दे," डॉक्टर म्हणाल्या, "थर निघाला की थांबेल." दोन आठवड्यांत थांबलं. त्यांनी वरचे खडे काढून साफसफाई केली होती हेही खरं; घट्ट झालेला थर घरच्या ब्रशने निघत नाही. मात्र केमोथेरपी चालू असेल, प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल, तर 'रक्त येऊ दे' हा सल्ला माझ्याकडून घेऊ नका. तिथे आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं.

टूथपेस्ट बदलली. फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली, पुदिना जवळपास नसलेली. पहिले काही दिवस दात घासल्यासारखंच वाटेना, इतकी आपल्याला फेसाची सवय. रात्रीसाठी ५००० पीपीएम फ्लोराइडची वेगळी पेस्ट, चिठ्ठीवर मिळणारी. घासून झाल्यावर थुंकायचं पण चूळ भरायची नाही, फ्लोराइड दातांवर राहू द्यायचं. सूज जास्त होती तेव्हा थोडे दिवस चूळ भरायला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक दिलं, तेही बिनअल्कोहोलचं आणि दात घासल्यानंतर अर्ध्या तासाने, कारण पेस्टमधली काही द्रव्यं त्याचा असर मारतात. ते फार दिवस वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. माझी चव आधीच बिघडलेली, त्यामुळे तेवढं कळलं नाही.

पाण्याबद्दल माझं मत बदललंय. पाणी लागतंच, पण पाणी म्हणजे लाळ नव्हे. ते टिकत नाही. घटाघटा प्यायलं तर जो काही बुळबुळीत थर असतो तोही वाहून जातो आणि रात्री बाथरूमच्या फेऱ्या वेगळ्या. आता घोट लहान घेते आणि तोंडात जरा थांबवते. दुपारी कधी बर्फाचा खडा. हिरडीवर फिरवला की चुरचुर शांत होते, आणि वितळताना ओल राहते. रात्री झोपताना लाळेऐवजी लावायचं जेल, वाटाण्याएवढं, बोटाने हिरड्या आणि गालांच्या आतून. पहिल्या रात्री कुणीतरी तोंडात अळवाचं पान फिरवल्यासारखं वाटलं, बुळबुळीत आणि विचित्र. पण सकाळी जीभ 'टच्' झाली नाही. आंबट गोळ्यांच्या जागी झायलिटॉलचं च्युइंग गम आलं. चघळण्याने उरलेल्या ग्रंथी जाग्या होतात आणि दात किडवणाऱ्या जंतूंना झायलिटॉल पचत नाही. जास्त खाल्लं की पोट बिघडतं, ते मी करून पाहिलंय. घरात कुत्रा असेल तर पाकीट उंचावर ठेवा, त्याला ते विष आहे.

मधे एकदा जीभ लाल झाली, गुळगुळीत, आणि ओठांचे कोपरे फाटले. बुरशी म्हणजे पांढरा थर असंच मी धरून चालले होते, म्हणून दोन आठवडे अंगावर काढलं. ती बुरशीच होती. कॅन्डिडा लाल रंगातही येतो, आणि कोरड्या तोंडात, कवळीखाली, दम्याचा स्टेरॉइड पंप घेऊन चूळ न भरणाऱ्यांत त्याचं चांगलं फावतं. औषधाने आठवड्यात गेली. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी मात्र बुरशीवरचं मायकोनाझोलचं जेल स्वतःहून आणून लावू नये. ते हिरडीवर लावायचं असलं तरी वॉरफरिनचा परिणाम धोक्याइतका वाढवू शकतं. पू, ताप, कानापुढे एका बाजूला आलेली सूज, दोन आठवडे न भरणारा फोड, यांत थांबायचं नाही हे आता मला पाठ आहे. आणि हाडांसाठी बिस्फॉस्फोनेट चालू असेल तर दात काढण्याआधी ते सांगायचं. मला कुणी विचारलं नव्हतं, मीच सांगितलं. बदल झालाय म्हणायचा.

शेवटी पायलोकार्पिनची गोळी सुरू झाली. ५ मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा. दक्षिण अमेरिकेतल्या जाबोरांडी नावाच्या झुडपाची पानं चघळली की घाम आणि लाळ सुटते. त्या पानांतून हे द्रव्य १८७५ साली वेगळं काढलं गेलं. ग्रंथींत जीव उरला असेल तरच ते चालतं, आणि दमा किंवा काचबिंदूच्या काही प्रकारांत देत नाहीत. माझ्यावर चाललं. पण लाळेच्या आधी घाम आला. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या कपाळावरून धार. "बरं वाटत नाहीये का?" सगळे विचारायचे. मी म्हणायचे, फार बरं वाटतंय.

गेल्या महिन्यात दुसरा दात भरायला गेले. वरचा जबडा ठीक होता, खालच्या उजव्या बाजूला सुई देऊन बधिर केलं होतं. नळी कोपऱ्यात अडकवली. तिने शिट्टी वाजवली, थांबली, मग एकदा गुरगुरली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. काम संपून खुर्ची सरळ झाली तेव्हा अर्धा ओठ माझा नव्हताच. हनुवटीवर काहीतरी कोमट सरकतंय असं गळ्यापाशी पोचल्यावर कळलं. मदतनीस मुलगी ओशाळून पटकन कागदी रुमाल घेऊन पुढे आली.

मी तिचा हात धरला. "थांब जरा," म्हणायचं होतं. बधिर ओठांतून काय निघालं कुणास ठाऊक. पण ती थांबली.